पिकअपचं अलॉय व्हील हबला चिकटलंय? पावसाळ्याआधी घरीच काढून बघा

पंक्चर झालं, सहाच्या सहा नट सुटले, गाडी जॅकवर आहे आणि चाक मात्र जागचं हलायला तयार नाही. पिकअप नव्याने घेतलेल्या माणसाला ही भानगड पहिल्यांदा कळते ती बहुतेक अशाच वेळी, आणि मुंबईत अशी वेळ नेमकी भर पावसात येते. म्हणून सांगणं एवढंच: चाक निघतंय की नाही हे रस्त्यावर कळू देऊ नका. मे महिन्यातला एखादा रविवार काढा, बिल्डिंगखाली चारही चाकं एकदा काढून, साफ करून परत बसवा. सगळी कृती खाली क्रमाने दिली आहे. गॅरेजचा अनुभव नसलेल्यालाही ती जमते, मात्र घाई करायची नाही.

चाक चिकटतं कशामुळे

टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस अशा पिकअपना अलॉय व्हील कंपनीतूनच येतात. साध्या लोखंडी रिमच्या पिकअपला बाजारातून अलॉय बसवून घेणारेही पुष्कळ आहेत. रिम ॲल्युमिनियमची आणि ती ज्यावर बसते तो हब लोखंडाचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारं पाणी शिरलं की तिथे बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा बरीच जास्त जागा व्यापते. रिमच्या मधल्या गोल भोकात हबचा गळा अगदी नेमका बसलेला असतो, फट मिलिमीटरच्या अंशाइतकी. त्या फटीत भुकटी ठासून भरली, वर हबचा तांबडा गंज फुगला, की नट असोत नसोत, चाक हबला घट्ट धरून बसतं.

खारं पाणी मुंबईत शोधायला जावं लागत नाही. वरळी, वर्सोवा, कुलाबा, उत्तन या पट्ट्यात हवाच खारी. मोठ्या भरतीच्या दिवशी मरीन ड्राइव्हवर लाट कठड्यावरून थेट गाडीवर येते. खाडीलगतच्या सखल भागात भरती आणि पाऊस एकत्र आले की रस्त्यावर तुंबलेलं पाणीही निव्वळ गोडं नसतं. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावरून मासळी वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी सारखं गळत असतं आणि ते मागच्या चाकांवरच पडतं. अशा गाडीची मागची चाकं मी दर तीन महिन्यांनी काढायला सांगेन. घर ते ऑफिस एवढीच फिरणारी गाडी असेल तर वर्षातून दोनदा पुरे: पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा.

काय काय लागेल

गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. हे काम त्याच्या भरवशावर करू नका. दोन-तीन टनांचा हायड्रॉलिक जॅक आणि दोन घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, हव्यातच. शिवाय लांब दांड्याचा व्हील पाना, टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोराइतकाच घट्ट करता येतो तो पाना), तारेचा ब्रश, हिरवा घासणीचा पॅड, १२० नंबरचा पॉलिश पेपर, पेनिट्रेटिंग ऑइलचा, म्हणजे गंजात झिरपणाऱ्या तेलाचा स्प्रे, ब्रेक क्लीनर, अँटी-सीझ पेस्टची (धातू एकमेकांना चिकटू न देणारा लेप) छोटी डबी, दोन-तीन किलोचा हातोडा आणि हातभर लांबीचा जाड लाकडी ठोकळा. चाकांना लावायला लाकडी पाचरी घ्या. वीट ठेवू नका, भाराखाली तिचा चुरा होतो. मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर यातलं जवळपास सगळं एका फेरीत मिळतं. टॉर्क रेंचवर पैसे वाचवू नका, कारण तो वर्षानुवर्षं वापरायचा आहे.

अँटी-सीझ घेताना डबीवर नीट पाहा. तांब्याची पेस्ट सगळीकडे मिळते, पण तांबं आणि ॲल्युमिनियमचं खाऱ्या पाण्यात आणखीच वाकडं. अलॉय व्हीलसाठी सिरॅमिक किंवा ॲल्युमिनियमची पेस्ट मागा. ती नाहीच मिळाली तर हबच्या गळ्यावर पाण्याला दाद न देणाऱ्या साध्या ग्रीसचा पातळ हातही चालेल, फक्त तो दर वेळी नव्याने द्यावा लागेल.

गाडी उचलण्याआधी

जागा सपाट हवी. आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्यांमध्ये खाली पेव्हर ब्लॉक असतात आणि जॅकच्या टोकदार भाराने ते हळूच खचतात. जॅकखाली आणि प्रत्येक घोडीखाली जाड प्लायवुडचा तुकडा घाला.

मागचं चाक उचलताना एक गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात येत नाही, आणि तीच जिवावर बेतते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपला गिअरमध्ये टाकून ठेवलं की ती जागची हलणार नाही असं वाटतं. पण मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) ते मोकळं फिरू शकतं आणि गिअरची पकड संपते. मग गाडी धरून ठेवायला उरतो जमिनीवरच्या दुसऱ्या मागच्या चाकाचा हँडब्रेक. म्हणून हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी लावा. पुढचं चाक काढताना मागच्या चाकांना लावा. एका वेळी एकच चाक. गाडी दोन टनांच्या आसपास भरते, तेव्हा नुसत्या जॅकवर तोलून चाकाला धक्के मारायचे नाहीत आणि खाली हात-पाय घालायचा नाही. चेसिस घोडीवर टेकली की मगच पुढचं काम.

चाक सोडवणं

पहिली पायरी: गाडी जमिनीवर असतानाच सगळे नट थोडे सैल करा, साधारण पाव फेरा. मग गाडी उचलून घोडीवर ठेवा आणि नट आणखी दोन-तीन फेरे मागे घ्या. एकही नट पूर्ण काढू नका. पुढची सगळी झटापट नट आट्यांवर असतानाच करायची. टायरसकट चाक ३० किलोच्या घरात जातं. ते अचानक सुटलं तर नटांनी त्याला अडवायला हवं, तुमच्या पायांनी नाही.

दुसरी पायरी: चाकासमोर जमिनीवर बसा, हात मागे टेकवा आणि टाचेने टायरच्या कडेवर खाली डावीकडे, मग उजवीकडे असे आळीपाळीने जोरात दणके द्या. दणका रबरावरच बसला पाहिजे. थोडं चाक फिरवून पुन्हा तेच करा. बऱ्याच गाड्यांचं चाक इथेच सुटतं. सुटताना टक् असा आवाज येतो आणि चाक नटांवर लोंबकळतं. मागचं चाक असेल तर हँडब्रेकमुळे ते फिरणार नाही, आहे तसंच दणके द्या. फिरवता यावं म्हणून हँडब्रेक काढायचा मोह होतो, पण काढायचा नाही.

तिसरी पायरी: नाही सुटलं तर रिमच्या मधली टोपी काढा. अनेक गाड्यांत ती आतून दाबून निघते, बाहेरून स्क्रू ड्रायव्हरने उचकटलीत तर तुटते. त्यामुळे आधी मॅन्युअल पाहा. टोपी निघाली की हबचा गळा आणि रिम जिथे भेटतात ती गोल रेघ दिसेल. जुन्या गाडीत तिथे पांढरट पापुद्रा दिसतो आणि नखाने खरवडला तर चुन्यासारखी पूड निघते. चाक अडलंय ते तिथेच. त्या रेघेवर सगळीकडून पेनिट्रेटिंग ऑइल मारा, पण बेताने. ते ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर जाऊ देऊ नका. गेलंच तर चाक निघाल्यावर डिस्क ब्रेक क्लीनरने धुऊन काढा. पॅड तेलाने भिजले असतील तर बदला, पुसून वापरू नका. ऑइल मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा टाचा मारा. घाई नसेल तर नट परत घट्ट करून गाडी रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी नव्याने प्रयत्न करा. बसल्या बसल्या तेल जेवढं आत झिरपतं तेवढं फायद्याचं.

कोणी रॉकेल किंवा पेट्रोल ओतायला सांगेल. ते करू नका. ब्रेकजवळ पेट घेणारा पदार्थ नको आणि आसपासच्या रबराचंही त्याने वाटोळं होतं.

चौथी पायरी: गाडीचंच वजन कामाला लावा. नट हाताने घट्ट लावा, मग प्रत्येक नट अर्धा ते एक फेरा मागे घ्या. घोडी काढून गाडी जॅकवरून सावकाश त्या चाकावर उतरवा. भार आला की चाक किंचित तिरकं होऊ पाहतं आणि त्यातच चिकटलेला थर तुटतो. गाडीच्या बाजूला उभं राहून हौद्याची कड वर-खाली हलवली तर आणखी मदत होते.

एवढ्यानेही चाक सुटलं नाही, तरच पाचवी पायरी: नट त्याच अर्ध्या-एक फेऱ्याने सैल ठेवून गाडी दोन-तीन फूट पुढे, दोन-तीन फूट मागे घ्यायची आणि हलका ब्रेक मारायचा. ही युक्ती जुनी आणि कामाची आहे, पण ती फक्त मोकळ्या, सपाट, खाजगी जागेत. आसपास मुलं नकोत, वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी. टक् आवाज आला की लगेच थांबा. तीन-चार वेळा करून आवाज आला नाही तर सोडून द्या. सैल नटांवर गाडी जास्त हलवली तर स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतात त्या हबवरच्या बोल्टचे, आटे खराब होतात आणि रिमची भोकं लांबट होतात. या अवस्थेत गेटबाहेर जायचं नाही, ‘कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत’ सुद्धा नाही.

सहावी पायरी लाकडाची. गाडी पुन्हा घोडीवर, नट दोन-तीन फेरे सैल. लाकडी ठोकळा आतल्या बाजूने टायरच्या कडेला लावा आणि त्यावर हातोडा मारा. एकदा वरच्या बाजूला, एकदा खाली, चाक आलटून-पालटून थोडं फिरवत. जोर टायरवर जाऊ द्या. हातोडा थेट अलॉयवर कधीही नको. ओतीव ॲल्युमिनियम फारसं वाकत नाही, त्याला तडा जाऊ शकतो. तो तडा रंगाखाली दिसत नाही आणि पुढे हायवेवर खड्ड्यात आपटल्यावर उघडतो. डिस्क, कॅलिपर, एबीएसची वायर यांपैकी कशालाही धक्का लागू देऊ नका. मागे ड्रम ब्रेक असतील तर रिम आणि ड्रम दोन्ही त्याच हबवर बसलेले असतात. हँडब्रेक ओढलेला असल्याने आतल्या लायनर ड्रमला धरून ठेवतात, म्हणून ठोकताना ड्रम सहसा रिमसोबत येत नाही.

इथपर्यंत येऊनही चाक सुटलं नाही तर नट टॉर्कने पूर्ण घट्ट करा आणि गाडी पुलर (चाक ओढून काढायचं अवजार) असलेल्या गॅरेजमध्ये न्या. तिथे गॅसची ज्योत कोणी काढली तर हात धरून थांबवा. अलॉयला भट्टीत ठरावीक तापमान देऊन मजबुती आणलेली असते. २०० अंशांच्या वर तापत राहिलं तर ती उतरते आणि रिम बाहेरून अगदी आधीसारखीच दिसते. हवा भरलेला टायर तापून फुटला तर समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, ज्योत नको.

निघालेलं चाक परत बसवताना

खरा फरक इथे पडतो, आणि नेमकी इथेच लोक टंगळमंगळ करतात. चाक निघालं या आनंदात ते तसंच परत चढवलं तर सहा महिन्यांत गाडं पुन्हा पहिल्या पायरीवर येतं.

हबचा गळा आणि रिम टेकते ती सपाट बाजू तारेच्या ब्रशने घासा, मग पॉलिश पेपर फिरवा. स्टडच्या मुळाशी गंजाची खपली राहते, ती मुद्दाम काढा. तिच्यामुळे रिम सपाट बसत नाही, नट घट्ट वाटतात पण पुढच्या ५० किलोमीटरमध्ये ती खपली दबून नट सैल पडतात. रिमच्या मधल्या भोकातली पांढरी भुकटी हिरव्या पॅडने काढा. तारेचा ब्रश रिमला नको, लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि गंजाला आमंत्रण देतात. धातू हाताला गुळगुळीत लागला की थांबा, झिजवत बसू नका. बाहेरून घेतलेल्या अलॉयमध्ये मधल्या भोकात अनेकदा प्लास्टिकची रिंग असते. ती चिरली असेल तर बदला. तिच्यामुळेच रिम हबच्या मध्यावर बसते.

मग अँटी-सीझ. फक्त हबच्या गळ्यावर, बोटाने पुसल्यासारखा पातळ थर. थर जाड झाला तर गरम झाल्यावर पेस्ट उडून डिस्कवर जाते. स्टड, नट आणि नट जिथे टेकतात त्या रिमच्या खोबणी मात्र कोरड्या ठेवा. मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. आट्यांना तेल किंवा पेस्ट लागली की त्याच टॉर्कला नट जास्त खेचला जातो, स्टड ताणला जातो आणि एक दिवस तुटतो.

नट हाताने सुरू करा, एअर गनने नाही. समोरासमोरचे नट आळीपाळीने घट्ट करत जा, गाडी खाली उतरवा आणि शेवटचा टॉर्क जमिनीवर द्या. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. अंदाज यावा म्हणून हिशेब सांगतो: ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर ३५ किलोचा भार म्हणजे साधारण १०३ न्यूटन-मीटर. ७५ किलोचा माणूस ४५ सेंटिमीटरच्या दांड्यावर उभा राहिला तर तेच ३३० च्या पुढे जातं. पान्यावर उभं राहून नाचणारा पंक्चरवाला दिसला की मला म्हणूनच धडकी भरते. त्याला सांगायचं, दादा, शेवटचं टाइट मी माझ्या रेंचने करतो. कोणी वाईट वाटून घेत नाही. ५० ते १०० किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा एकदा तपासा.

तुंबलेल्या पाण्यातून गाडी आली किंवा समुद्राची लाट अंगावर घेतली, तर त्याच दिवशी साध्या पाण्याने चाकांची आतली बाजू आणि हब धुवा. त्याआधी ब्रेक गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते.

रस्त्यावरच अडलात तर

फ्रीवे, कोस्टल रोड, अटल सेतू अशा ठिकाणी चाकाशी कुस्ती खेळायची नाही. हॅझर्ड लाइट लावा, कठड्याच्या सुरक्षित बाजूला जा आणि मदत बोलवा. गरज वाटली तर ११२ आहेच. टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेड मागवा. फोर व्हील ड्राइव्ह गाडी दोन चाकं उचलून ओढली तर ट्रान्स्फर केसचा (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी) बट्ट्याबोळ होऊ शकतो.

गल्लीबोळात पंक्चर झालं असेल तर आधी हे पाहा की चाक काढायची गरज तरी आहे का. ट्यूबलेस टायरच्या माथ्यावर खिळा घुसला असेल तर पंक्चरवाला चाक गाडीवर असतानाच स्ट्रिप घालून देतो. टायर कडेला फाटला असेल तर मात्र स्टेपनीशिवाय इलाज नाही.

आणि स्टेपनीकडे तर कोणाचंच लक्ष जात नाही. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली साखळीने टांगलेली असते, म्हणजे मागच्या चाकांनी उडवलेलं सगळं पाणी आणि चिखल तिच्यावर. ती उतरवायची छोटी विंच गंजून जाम झाली की चाक बदलायचं राहूनच जातं. चाकं साफ कराल त्याच दिवशी स्टेपनी पूर्ण खाली सोडा, साखळीला आणि विंचला ग्रीस द्या, हवा भरा. स्टेपनीची रिम लोखंडी आणि बाकीच्या अलॉय असतील तर अलॉयचे नट तिला चालतात का, हे मॅन्युअलमध्ये पाहा. चालत नसतील तर तिचे सहा नट एका पिशवीत घालून टूल किटमध्ये ठेवा, आणि विंच फिरवायचा दांडा सीटमागे जागेवर आहे याची खात्री करूनच गाडी बाहेर काढा.